थिवीला गाडी किती वाजता?

शैलावहिनी (२०४), पहाटे ५.४०
कोणी जागं आहे का? आमची सोनू चवथीला मुंबईहून येतेय. गाडी झारापला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर टाकलीय. समोरून दोन गाड्या गेल्या तरी हिला सिग्नल नाही. हे पाचपासून थिवीला स्टेशनबाहेर भर पावसात कारमध्ये बसलेत.

प्रसाद (१०१), ५.४८
वहिनी, ॲपवर १ तास ५० मिनिटं उशीर दाखवतंय. चवथीच्या जादा गाड्या आहेत ना. आपल्याकडे हे असंच चालायचं. जर्मनीत लोक गाडी बघून घड्याळ लावतात.

सुधाकाकू (३०२), ६.०२
प्रसाद, घड्याळाचं ते आता खरं राहिलेलं नाही रे. मी धाकटीकडे फ्रायबुर्गला तीन महिने राहून आले. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर धावल्या ६२.५ टक्के. त्यातही ६ मिनिटांच्या आतला उशीर ते वेळेवरच धरतात, आणि रद्द झालेल्या गाड्या हिशेबात घेत नाहीत. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये ३ मिनिटांची अट, तरी ९३ टक्क्यांच्या वर.

सीमेवरच्या बाझलला मी डोळ्यांनी बघितलं. आम्ही झुरिकला निघालो होतो, जर्मन गाडी अर्धा तास उशिरा. बाझलला घोषणा झाली, गाडी इथेच संपते, सगळ्यांनी उतरा. माझ्या हातात दोन पिशव्या, एकीत लेकीच्या मैत्रिणीसाठी केलेले लाडू. मला वाटलं, आता बसा दिवसभर. तर पलीकडच्या फलाटावर रिकामी स्विस गाडी दिवे लावून, दारं उघडून उभी! लेक म्हणाली, आई, शेजारचा उशीर आपल्या वेळापत्रकात शिरू नये म्हणून हे लोक गाडी राखून ठेवतात.

प्रसाद (१०१), ६.०५
पण काकू, जर्मनी पैसेवाला देश. त्याला काय कमी आहे?

सुधाकाकू (३०२), ६.१६
कमी काहीच नाही, पैसा रुळांवर घातला नाही इतकंच. २०२३ साली सरकारने रेल्वेच्या बांधकामावर माणशी किती खर्च केला बघ. जर्मनी ११५ युरो, ऑस्ट्रिया ३३६, स्वित्झर्लंड ४७७. जर्मनीने १९९४ नंतर खर्च वाचवायला कितीतरी ठिकाणचे रूळ बदलायचे सांधे आणि बाजूच्या लायनी काढून टाकल्या. गाड्या मात्र वाढत गेल्या. मागची गाडी पुढे काढायला जागाच उरली नाही की एकीचा उशीर दहांना लागतो.

स्विस लोकांनी १९८७ साली मतदान करून ठरवलं, आधी वेळापत्रक, मग रूळ. बर्न ते झुरिक तासाच्या आत पोचायचं, म्हणजे दोन्हीकडे पुढच्या जोडगाड्या मिळतात. तेवढ्या वेळात बसावं म्हणून नवा मार्ग बांधला आणि २००४ पासून गाड्या तशा धावतात. २०१४ ला परत मतदान घेऊन रेल्वेसाठी कायमचा निधी केला. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दारात हात पसरायला नको.

आणि हे ऐक. १९९६ साली दोघा शेजाऱ्यांनी करार केला. स्विसने आल्प्सखालून बोगदा काढायचा, जर्मनीने कार्ल्सरूह ते बाझल चार रूळ टाकायचे. ५७ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा २०१६ ला सुरू झाला. जर्मनीचे चार रूळ अजून पुरे नाहीत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच कामात रास्टाटला नवा बोगदा खणताना वरचे चालू रूळ खचले आणि मार्ग सात आठवडे बंद. वाचताना मला आपला पेडण्याचा बोगदाच आठवला.

शैलावहिनी (२०४), ६.१९
तो तर जुलै २०२४ ला पाणी आणि चिखल शिरून बंद होता. माझ्या जावेची गाडी मिरज-लोंढ्यावरून आली होती, तिचे पाय सुजले होते गो.

प्रसाद (१०१), ६.२२
तरी आपल्याकडे वीज आली, वंदे भारत आली.

सुधाकाकू (३०२), ६.३१
आली, आणि आनंदच आहे. पण रूळ? आपली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, त्यात रोहा ते वीर ४६ किलोमीटर २०२१ ला दुहेरी झालं, बाकी जवळजवळ सगळं एकेरी. एकाच रुळावर वेगवान गाडी सोडली की बाकीच्या लूपवर थांबणारच. सोनू आत्ता तेच भोगतेय. कडवई, खारेपाटण, आचिर्णे अशी समोरासमोरच्या गाड्या ओलांडायची नवी क्रॉसिंग स्टेशनं झाली, त्यांचा उपयोग होतोय. पण केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतलं हे महामंडळ, दुसऱ्या रुळाएवढा पैसा आणणार कुठून? भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्रानेही २०२५ ला संमती दिली. मला वाटतं ते व्हावं, पण दुसऱ्या रुळाची रक्कम आणि वर्ष कागदावर आल्यावरच.

रमाकांतभाऊ (४०१), ६.३८
दुसरा रूळ म्हटलं की मला कोळसा दिसतो. कोळशासाठीच दुहेरीकरण चाललंय म्हणून २०२० ला चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले होते.

सुधाकाकू (३०२), ६.४४
भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण ती लाईन वेगळी, वास्को-तिनईघाट. मोलेच्या जंगलातल्या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी सुप्रीम कोर्टाने २०२२ ला रद्द केली, चांगलंच झालं. मी कोकण रेल्वेचं म्हणतेय. जिथे डोंगर फोडावा लागत नाही तिथे आधी दुसरा रूळ टाका, बाकी ठिकाणी लूप वाढवा. आपल्या गावातून जाणार असेल तर आपल्याला आधी विचारा.

रमाकांतभाऊ (४०१), ६.४६
विचारणार असतील तर माझी हरकत नाही. आमदारांना पत्र लिहूया. मसुदा तुम्ही करा, सह्या मी घेतो.

शैलावहिनी (२०४), ६.५२
सोनूचा फोन आला! मडुरे गेलं, बोगद्यात शिरतेय, रेंज गेली. यांना सांगते, फलाटावर जा म्हणून.