मदत हवी आहे: गाडीची ‘टक टक’, इंजिन उघडायचं की चाक?

नमस्कार मंडळी,

मोटरसायकल १५० सीसी, एक सिलिंडर, पाच गिअर, मीटरवर ४२ हजार किमी. गेल्या महिन्याभरापासून एका आवाजाने डोकं खाल्लंय. २० ते ४० च्या वेगात, गिअरमध्ये हलकी रेस देऊन चाललो की ‘टक, टक, टक’. वेग वाढला की टकटकही भराभर होते. ५० च्या पुढे वाऱ्यात ऐकू येत नाही, पण डाव्या फूटरेस्टवर पायाला बारीक ठसठस लागत राहते. रेस सोडली की आवाज जवळजवळ बंद.

शिवाय एक वेगळा आवाज आहे. रेस सोडून परत दिली की एकदाच ‘ठक्क’, मागून कुणी लाथ घातल्यासारखा. हे दोन आजार आहेत की एकच, तेही कळत नाही.

आतापर्यंत केलेलं: ऑईल बदललं, चेन धुऊन वंगण दिलं, चेनची ढील पुस्तकात दिल्याप्रमाणे ३० मिमी ठेवली, इंजिन चासीला धरणारे नट तपासले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं) ३,००० किमीपूर्वीच नवी टाकली आहेत, म्हणून तिकडे संशय गेला नाही. डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवलं तर सगळं गपगार.

एका मेकॅनिकने कान लावून सांगितलं, “कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनच्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय, इंजिन उघडावं लागेल.” दुसरा म्हणाला चेनच खराब निघाली. मला दोघांचंही पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आवाज मला तरी पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणातून येतोय असं वाटतं. जाणकारांनी मार्ग दाखवावा. इंजिन उघडायच्या आधी घरच्या घरी काय काय बघता येईल?

प्रतिसाद:
थंड इंजिनला पिस्टनचा आवाज येतो तसा असेल. जाड ऑईल टाकून बघा.

धागाकर्ता:
गाडी तापल्यावरही तितकाच येतो, कमी होत नाही. आणि उभ्या गाडीला कितीही रेस द्या, इंजिन अगदी साफ वाजतं.

प्रतिसाद:
मग जाड ऑईल राहू द्या, आणि कनेक्टिंग रॉडही निर्दोष. रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर गाडी उभी असतानाही रेस देऊन सोडताना खडखड ऐकू येते, कारण त्याचा संबंध इंजिनच्या फेऱ्यांशी, गाडीच्या वेगाशी नाही. क्लचच्या टोपलीचा (जिच्यात क्लचच्या प्लेटा बसतात) आवाज असता तर न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर तो बदलला असता. तसं काही होतं का?

एक करा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ३० चा वेग धरा, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी तशीच वाहू द्या. टकटक चालू राहते की थांबते? मग तोच ३० चा वेग दुसऱ्या गिअरमध्ये धरा, मग तिसऱ्यात. टकटकीची गती बदलते का, तेवढं सांगा.

धागाकर्ता:
करून आलो. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून-सोडून काही फरक नाही. ३० ला क्लच दाबला की आवाज खूप कमी होतो, पण मरत नाही. कान देऊन ऐकलं तर आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये गती सारखीच. इंजिन दुसऱ्यात जास्त ओरडतं, टकटक मात्र तेवढीच.

प्रतिसाद:
म्हणजे इंजिन आणि क्लच दोन्ही निर्दोष. गिअर बदलला तरी गती तीच राहते, तेव्हा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टपासून मागच्या टायरपर्यंत कुठेतरी आहे. तेवढ्यात चार फिरत्या वस्तू: शाफ्ट, पुढचं स्प्रॉकेट, चेन, मागचं चाक. (शाफ्ट आणि पुढचं स्प्रॉकेट एकत्रच फिरतात, म्हणून हिशेबाला तीनच.) या तिघांची गती वेगवेगळी असते, आणि चोर तिथेच सापडतो. आवाज कुठून येतो ते कानाने शोधू नका, कान फसवतो. आवाज मोजा.

स्प्रॉकेटचे दात, चेनच्या कड्या आणि टायरचा आकडा द्या.

धागाकर्ता:
पुढे १४ दात, मागे ४२. चेन ११८ कड्यांची. मागचा टायर १००/९०-१७.

प्रतिसाद:
छान, आकडे सोयीचे निघाले. या टायरचा घेर साधारण १.९ मीटर. २० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे २.९ फेऱ्या मारतं. पुढचं स्प्रॉकेट त्याच्या तिप्पट, ८.७. आणि चेन? एक पूर्ण वेढा व्हायला ११८ भागिले ४२, म्हणजे चाकाच्या २.८ फेऱ्या लागतात. तेव्हा चेन सेकंदाला जेमतेम एक वेढा घालते.

आता मोबाईल खिशात ठेवून रेकॉर्डिंग चालू करा, २० चा वेग धरा, आणि घरी येऊन १० सेकंदांतल्या टकटकी मोजा. १० च्या आसपास आल्या तर चेनची एखादी कडी अडकतेय किंवा चेन एका जागी ताठ आहे. २९ च्या आसपास आल्या तर चाक. ८७ म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, आणि त्या हातून मोजल्याही जाणार नाहीत, नुसती घरघर ऐकू येईल. शेकड्यांत गेल्या तर मी चुकलो, इंजिन उघडा.

प्रतिसाद:
मध्येच बोलतो, पण बोलायलाच हवं. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, गिअरमध्ये, आणि मागे बसून चेनजवळ हात: असला प्रकार कुणी करू नका. चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे गेलेलं बोट परत येत नाही. चेन बघायची, पुसायची, मोजायची ती इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवूनच.

धागाकर्ता:
नाही नाही, इंजिन बंदच होतं. काळजीबद्दल आभार.

मोजल्या! पहिल्या खेपेला २७, दुसऱ्या खेपेला २८. २९ का नाही आल्या?

प्रतिसाद:
स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो. तो २० म्हणतो तेव्हा गाडी बहुधा १९ ला असते. २७ म्हणजे चाकच. चेन निर्दोष सुटली. तिला शिव्या घालणाऱ्या मेकॅनिकला कळवू नका, उगाच वाईट वाटेल.

आता मागचा ब्रेक. २० ला चालताना पायाने किंचित ब्रेक लावा. आवाज बदलला तर ब्रेकच्या ड्रमला ओठ (झिजून उरलेली कड) आलाय किंवा त्यात घासणारं लायनर सैल आहे. नाही बदलला तर पुढचं बघू. डबल स्टँडवर टायर दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा, चाकाच्या बेअरिंगची ढिलाई हाताला कळेल. मग चाक सोडून नुसतं मागचं स्प्रॉकेट वर-खाली धरून आत-बाहेर हलवा. फिरण्याच्या दिशेने किंचित खेळ असणारच, तो रबरांचा. पण स्प्रॉकेट बाजूला डुलायला नको.

धागाकर्ता:
ब्रेकने काहीच फरक नाही. चाक बाजूला हलत नाही. पण स्प्रॉकेट डुलतंय! वरून आत ढकललं की खालून बाहेर येतं. फार नाही, पण दिसतंय. आणि फिरण्याच्या दिशेनेही बोटभर खेळ आहे.

प्रतिसाद:
सापडलं की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मागचं स्प्रॉकेट थेट चाकाला नसतं. ते एका वेगळ्या ताटलीवर असतं. त्या ताटलीचे दात चाकाच्या हबमध्ये (मधल्या भागात) रबरांच्या खाचांत बसतात, म्हणजे एक सिलिंडरचे झटके रबर गिळतं आणि चेनपर्यंत कमी पोचतात. या ताटलीला स्वतःचं वेगळं बेअरिंग असतं. चाकाची दोन आणि हे तिसरं. चेन-सेट बदलताना पुष्कळदा हे तिसरं कुणी बघतच नाही.

तुमच्या दोन आवाजांची दोन कारणं दिसतात. ‘ठक्क’ म्हणजे चेपलेले रबर, रेस दिली-सोडली की ताटलीचे दात सैल खाचेत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतात. ‘टक टक’ म्हणजे ताटलीचं बेअरिंग. (बेअरिंग म्हणजे आत-बाहेर दोन कडी आणि मधे गोळ्या.) बाहेरच्या कड्याला खड्डा पडला असेल तर ते कडं चाकाबरोबर फिरतं, आणि खड्डा फेरीतून एकदा चेनच्या ओढीखाली येतो. म्हणून फेरीला एक टक. ओढ नसली की आवाज नाही, म्हणून स्टँडवर गप्प. आणि ताणलेली चेन तो ठोका थेट पुढे नेते, तिथलं झाकण ढोलकीसारखं वाजतं. तुम्हाला आणि मेकॅनिकला इंजिन वाजतंय असं वाटलं ते त्यामुळेच.

चाक काढाल तेव्हा एक्सलवरचे सगळे बुश (छोट्या नळ्या) आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. हे विसरू नका.

धागाकर्ता:
रविवारी चाक काढलं. निघालेलं सांगतो.

रबर अक्षरशः पापडासारखे. चारांपैकी दोन फाटलेले, आणि कुणीतरी एका खाचेत सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबलेली. ताटलीचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर एका जागी अडखळतं, खरखर लागते. सील फाटलेलं, आत गंजाचं लाल पाणी. चाकाची दोन्ही बेअरिंग मात्र बोटाला मऊ लागतात.

खरा घोळ पुढे. तारेत ओवलेले सुटे भाग पार्ट्सच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले. चित्रात ताटलीचं बेअरिंग आणि चाकाचं बेअरिंग यांच्या मधे एक आखूड बुश आहे. माझ्या गाडीत तो नाहीच! जमिनीवर शोधला, ड्रममध्ये शोधला, कुत्र्याच्या तोंडात बघायचं तेवढं राहिलं.

प्रतिसाद:
कुत्र्याला सोडा. तो बुश ३,००० किमीपूर्वी चेन-सेट बदलताना कुणाच्या तरी टेबलावर राहिला. तो नसला की एक्सलचा नट आवळताना ताटलीच्या बेअरिंगचं आतलं कडं आत ओढलं जातं, बाहेरचं ताटलीत बसलेलं असल्याने जागच्या जागी राहतं. गोळ्यांवर आडवा दाब. हे बेअरिंग आडवा दाब फार सोसत नाही. नवं टाकलंत आणि बुश विसरलात तर तेही असंच जाईल. म्हणून आधी बुश, मग बेअरिंग.

बेअरिंगच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, तोच आकडा मागा, आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या.

धागाकर्ता:
आकडा ६२०३ आहे. बसवताना ठोकायचं कसं? मागच्या खेपेला दुसऱ्या एका गाडीवर मी आतल्या कड्यावर हातोडी मारून नवं बेअरिंग खराब केलं होतं. (हसू नका.)

प्रतिसाद:
हसत नाही, सगळ्यांनी केलंय. बाहेरच्या कड्याइतक्या व्यासाचा सॉकेट घ्या. ६२०३ चं बाहेरचं माप ४० मिमी, त्याहून किंचित लहान सॉकेट बाहेरच्या कड्यावरच टेकवून सरळ ठोका. नवं बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि ताटली गरम पाण्यात तापवून कोरडी करा, निम्मं काम तिथेच होतं. बेअरिंग तिरकं जातंय असं वाटलं तर थांबा, काढा, परत लावा. ताटलीतली बेअरिंगची जागा घासून सैल झाली आहे का तेही बघा. नवं बेअरिंग हाताने सहज सरकत गेलं तर ताटलीच बदलावी लागेल.

रबर चारही नवे. ट्यूबच्या पट्ट्या नकोत. नवे रबर इतके घट्ट बसतात की ताटली हाताने जात नाही. साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, ग्रीसने रबर फुगतो.

आणि चेन जरुरीपेक्षा ताठ ठेवू नका. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर बरोबर वाटलेली चेन दोन माणसं बसल्यावर ताठ होऊ शकते, आणि तो ताण याच बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. ढील चाकाच्या वेगवेगळ्या स्थितीत तीन-चार जागी मोजा आणि सर्वांत ताठ जागी ३० मिमी धरा.

धागाकर्ता:
झालं. बुश पार्ट नंबर देऊन मागवला, बेअरिंग साबणासारखं गेलं (फ्रीझरच्या युक्तीबद्दल घरून दोन शब्द ऐकावे लागले, कोबीशेजारी ठेवलं होतं). रबरांनी मात्र घाम काढला. एक्सलचा नट टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यावर आवळला. त्याआधी चाक सरळ आहे का ते दोन्ही बाजूंच्या खुणांवरून न बघता चिमट्याच्या बोल्टपासून एक्सलपर्यंत पट्टीने मोजलं. खुणा खोटं बोलत होत्या, डावी बाजू २ मिमी पुढे होती.

आज ६० किमी फिरून आलो. ‘ठक्क’ गेली. ‘टक टक’ गेली. फूटरेस्ट गप्प. २० च्या वेगात परत १० सेकंद रेकॉर्ड करून ऐकलं, मोजायला काही नाही. फक्त पहिला गिअर टाकताना बारीकसा टक येतो.

प्रतिसाद:
तो असू द्या. गिअरचे दात गुंततात तेव्हा तेवढा येतोच.

५०० किमीनंतर स्प्रॉकेट परत एकदा हाताने डुलवून बघा आणि इथे कळवा. चाकाची दोन्ही बेअरिंग मऊ आहेत म्हणालात, तरी त्याच वेळी तीही तपासा. तो आडवा दाब त्यांच्यातल्या एकीवरही आला होता.

धागाकर्ता:
नक्की. धाग्याच्या शीर्षकात ‘सुटलं’ जोडतोय.