सोल चिकटवायचं काम घरी देणं बंद व्हावं का?

रापी:
माझं मत आधी सांगून टाकते. चपला-बुटांची शिलाई, विणकाम, पट्ट्या कापणं घरी करायला हरकत नाही. पण सोल्युशन लावून सोल चिकटवायचं काम कुणाच्याही घरात जाऊ नये.

सोल्युशनमध्ये हेक्झेन, टोल्युइन अशी द्रावकं, म्हणजे गोंद पातळ ठेवणारी रसायनं असतात. श्वासातून गेलेल्या हेक्झेनचं शरीरात ज्या पदार्थात रूपांतर होतं, तो हातापायांच्या नसा खराब करतो. आधी बोटांना मुंग्या येतात, मग पाय बधिर होतात, पुढे जिना चढवत नाही. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरोघरी सँडल बनवणाऱ्यांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर सापडला. त्याआधी सोल्युशनमध्ये बेंझिन असायचं, त्याने रक्त बनणंच बंद पडायचं. इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात बूट बनवणाऱ्यांमधला रक्ताचा कर्करोग जगापुढे मांडला, तोही बेंझिनमुळेच. एवढं सगळं माहीत असूनही तेच काम माणसं झोपतात त्या खोलीत चालतं, हे मला सहन होत नाही.

हिशेबी:
मी काम वाटतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. इस्तंबूलचे ते कामगार छोट्या, कोंदट कारखान्यांत काम करायचे, घरी नव्हे. म्हणजे दोष घराचा नाही, सोल्युशनचा आणि कोंदट हवेचा आहे. दहा जणांना पंखा नसलेल्या शेडमध्ये बसवलंत तर काय सुधारणार? सोल्युशन बदला, काम घरातच राहू द्या.

रापी:
सोल्युशन बदलूनही पाहिलं गेलंय. जपानने १९५९ मध्ये बेंझिनच्या गोंदावर बंदी घातली आणि त्याच्या जागी हेक्झेन आलं. रक्ताचा आजार गेला, नसांचा आला. डब्यात काय आहे हे घरी बसलेल्या बाईला दोन्ही वेळा कुणी सांगितलं नाही. पाण्यात बनवलेलं सोल्युशन मिळतं, ते खरंच कमी घातक आहे. तुम्ही देता का ते?

हिशेबी:
नाही देत. ते वाळायला वेळ लागतो, उष्णता द्यावी लागते, आणि कंपनी जोडामागे देते तो दर त्यात बसत नाही. हा खर्च बुटावर जिचं नाव छापलंय तिने उचलावा, माझ्या एकट्याच्या गळ्यात नको. हे मी मनापासून म्हणतोय.

उंबरठा:
इथे सगळे आमच्याबद्दल बोलताहेत, म्हणून लिहिते. मी हे काम करते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलं लहान. शेडमध्ये जायचं तर यांना कोण बघणार? डोकं दुखतं, संध्याकाळी मळमळतं, ते मला कळतं. पण रापीताई, तुम्ही बंदी मागता तेव्हा माझा हक्काचा पैसा जातो. नगावर मजुरी आहे. नग नाही तर पैसा नाही. मी खिडकी उघडी ठेवते, तोंडाला ओढणी बांधते. अजून काय करू?

नाडी:
मी डॉक्टर आहे. ताई, ओढणीने धूळ थोडी अडते, वाफ अजिबात अडत नाही. तिच्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो आणि ती गाळणीही वरचेवर बदलावी लागते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या नाकाशी. ती पेटही चटकन घेते, शेगडीजवळ डबा उघडूच नका. शिवाय कारखान्यातली सुरक्षित मर्यादा आठ तासांच्या पाळीचा हिशेब धरून ठरवतात. तुमच्याकडे जोड रात्रभर त्याच खोलीत वाळतात. पाळी संपतच नाही.

अजून एक. मुंग्या येतात म्हणून बायका येतात, काय काम करता विचारलं की म्हणतात, "घरीच असते." मग वर्षभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालतात. काम सोडल्यावरही काही महिने अशक्तपणा वाढू शकतो, म्हणून दोष कामाचा नव्हताच असं वाटतं. डॉक्टरांना सोल्युशनचं नाव सांगाच.

रापी:
उंबरठाताई, तुमचा पैसा जावा असं मला वाटत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठी १९९६ चा करार आहे, क्रमांक १७७. घरी काम करणाऱ्यांना इतर मजुरांसारखीच वागणूक द्या, असं तो म्हणतो. सुरक्षेसाठी काही कामं आणि पदार्थ घरात आणायला मनाई करण्याची सोयही त्यात आहे. फार थोड्या देशांनी तो स्वीकारला. दोन्ही गोष्टी एकत्र मागता येतात.

हिशेबी:
कागदावर येतात. चिकटवणी बाहेर नेली की कंपनी ती यंत्रावर घेईल आणि या बायकांना शिलाईसुद्धा उरणार नाही. ही भीती मला आजही खरी वाटते.

उंबरठा:
मलाही वाटते. तरी नाडी डॉक्टरांनी मुलाचं लिहिलं, ते वाचून आज डबा गच्चीवर नेला. पावसाळ्यात ते जमणार नाही. चालत जाता येईल इतक्या अंतरावर, वाफ ओढून घेणारा पंखा असलेली जागा द्या, आमच्या वेळेला उघडी ठेवा, आणि शिलाईचा दर वाढवा. हे लिहून मिळेपर्यंत काम सोडा असं मला कुणी सांगू नये.