न्या. लेम्युएल शॉ: आधी कुठला निकाल वाचू?

म्हापशाहून: कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शॉ १८३० ते १८६० अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे मुख्य न्यायाधीश होते. सुरुवात कुठून करू?

फोंड्याहून: १८४२ चा हंट खटला. बोस्टनच्या बूट शिवणाऱ्या कारागिरांनी संघटना केली एवढ्यावरून तो कट ठरत नाही, असं शॉंनी सांगितलं. वास्कोच्या बंदरात मी तीस वर्षं युनियनचं काम केलं. निकाल वाचताना अंगावर काटा आला.

मडगावहून: काका, मेडचाही सांगा ना. सहाएक वर्षांची गुलाम मुलगी, न्यू ऑर्लिन्सहून बोस्टनला आणलेली. १८३६ मध्ये शॉंनीच तिला मुक्त केलं.

फोंड्याहून: होय. पण सॅरा रॉबर्ट्सच्या खटल्यात काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा त्यांनीच वैध ठरवल्या. १८५५ मध्ये विधिमंडळाला कायदा करून त्या बंद कराव्या लागल्या. तोही वाच, बाळा. मला तो अजून सलतो.