आईच्या रिपोर्टात 'नळी' कुठून आली? आणि माला-डीचा दोष आहे का?

कऱ्हाडची_लेक
आई ६१ वर्षांची. पोट फुगतंय म्हणून दोन महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या, मग सोनोग्राफीत पाणी दिसलं. ऑपरेशन झालं, किमो चालू आहे. सगळे अंडाशयाचा कॅन्सर म्हणतात, पण रिपोर्टात 'हाय ग्रेड सिरस' आणि खाली 'उजव्या नळीच्या टोकाशी स्टिक' असं लिहिलंय. राउंडच्या घाईत डॉक्टर "तेच ते" म्हणाले.

दुसरं म्हणजे, आमच्या जन्मानंतर आईने सहा-सात वर्षं माला-डी ही गर्भनिरोधक गोळी घेतली होती. आत्याने वॉर्डातच ऐकवलं, "पाळीशी खेळ केलास, त्याचं फळ." तेव्हापासून आई गप्प आहे. मावशी ४४व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली, त्याचा काही संबंध?

स्लाइडवाला_काका
२६ वर्षं हिस्टोपॅथच्या लॅबमध्ये, म्हणजे ऑपरेशनात काढलेले तुकडे तपासतात तिथे, टेक्निशियन होतो. डॉक्टर नाही, हे धरून वाच.

गर्भनलिकेच्या टोकाला झालर असते, अंडाशयावर टेकलेली. पूर्वी आम्ही नळीचा एखादा तुकडा घ्यायचो, बाकी फॉर्मलिनच्या बरणीत पडून राहायची. पुढे झालर उभी चिरून सगळीच्या सगळी कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायच्या डबीत) भरून तपासायची पद्धत आली, तेव्हा दिसायला लागलं: अस्तरात एवढासा पट्टा, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही असा, पण पी५३ या प्रथिनाच्या स्टेनमध्ये (रंगात) गडद तपकिरी. तेच स्टिक, नळीच्या अस्तरातला अगदी सुरुवातीचा कॅन्सर. तिथल्या पेशी झडून शेजारच्या अंडाशयावर पडतात, पोटातल्या पाण्याबरोबर ओमेंटमपर्यंत (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यापर्यंत) जातात. गाठ अंडाशयावर वाढते, म्हणून नाव त्याचं. सगळ्याच अंडाशयाच्या कॅन्सरचं असं नसतं, पण हाय ग्रेड सिरस या वेगाने वाढणाऱ्या प्रकारात बऱ्याचदा मूळ नळीतच निघतं.

आता माला-डी. दर महिन्याला बीज सुटतं तेव्हा अंडाशयाला चीर जाते, ती भरते, आणि आतला द्रव झालरीवर सांडतो. हे जितक्या वेळा, तितकी पेशींत चूक व्हायची संधी जास्त. फतल्ला नावाच्या इजिप्शियन डॉक्टरांनी वारंवार बीज सुटण्याचा हा मुद्दा १९७१ मध्ये मांडला होता. अंड्यावरच्या कोंबड्या बघ, जवळपास रोज अंडं, आणि म्हाताऱ्या कोंबड्यांना हाच कॅन्सर आपोआप होतो. माला-डी बीज सुटणंच थांबवते. २००८ मध्ये ४५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तर गोळी घेतलेल्या दर ५ वर्षांमागे धोका साधारण २० टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे आत्याबाईंनी गणित उलटं मांडलंय.

पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. पन्नाशीपासून ५ वर्षं घेणाऱ्या दर हजार बायकांमागे साधारण एक केस जास्त.

मावशीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. ब्राका टेस्ट, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा घराण्यातला जीनदोष शोधणारी तपासणी, आधी आईची करा. तिच्यात दोष निघाला तर ओलापारिबसारख्या, अशाच कॅन्सरवर चालणाऱ्या औषधाचा विचार होतो, आणि मग तुझी व भावंडांची तपासणी. मामा असले तर तेही. हा जीनदोष पुरुषांकडूनही पुढे जातो.

निगडीची_सून
थोडं वेगळं. सासूबाईंची पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि पुन्हा अंगावर जायला लागलं. आम्हाला वाटलं पिशवीचं असेल. निघाली ग्रॅन्युलोसा सेल गाठ, अंडाशयाचीच. ती गाठ स्वतःच इस्ट्रोजेन बनवत होती! आता दर सहा महिन्यांनी इनहिबिनचं (ही गाठ बनवते त्या हार्मोनचं) रक्त तपासतो. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी दाखवा, एवढंच सांगायला लिहिलं.

कऱ्हाडची_लेक
काका, किमोच्या खुर्चीत बसल्या बसल्या आईला कोंबडीचं वाचून दाखवलं. म्हणाली, "वन्संना सांगू नकोस, उद्यापासून घरात अंडी बंद करतील." ब्राकाचं रक्त सोमवारी द्यायचंय. उपाशीपोटी लागतं का?

स्लाइडवाला_काका
नाही. पोटभर खायला घालून ने.