चिंकाऱ्यामागे कुत्रा सोडणाऱ्या प्लॉटवाल्यांनो, जरा बोलूया

माळावरचा
सासवडहून भुलेश्वरकडे निघालं की आता माळापेक्षा पाट्याच जास्त दिसतात. 'एनए प्लॉट', 'निसर्गाच्या कुशीत', 'कर्ज उपलब्ध'. माझाही प्लॉट तिथलाच, त्यावर दोन खोल्यांचं घर आहे. त्यामुळे हे बाहेरच्याने दिलेलं प्रवचन समजू नका, घरातलंच भांडण आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या प्लॉटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक धष्टपुष्ट लॅब्रॅडॉर चिंकाऱ्याच्या मादीमागे सुसाट सुटलाय आणि मोबाइल धरणारा ओरडतोय, 'पकड, पकड, शाब्बास!' खाली पंधरा-वीस जणांचे हसरे चेहरे आणि टाळ्या. कुत्र्याला ती काही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तारेच्या जाळीच्या कोपऱ्यात मेलेली दिसली. अंगावर दाताची एक खूण नाही. त्यावर ग्रुपचा निकाल असा की कुत्र्याने काही केलंच नाही, आजारी असेल बिचारी.

माझं म्हणणं एवढंच आहे: स्वतःच्या कंपाउंडच्या बाहेर कुत्रा पट्ट्याशिवाय न्यायचा नाही. 'आमचा चावत नाही', 'तो फक्त खेळतो', 'लहानपणापासून बाळासारखा वाढवलाय' यांपैकी एकही सबब चालणार नाही. खेळ आहे की शिकार, हे धावणाऱ्या चिंकाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही.

आणि 'त्यांच्यासाठी अभयारण्य आहे ना' असं कुणी म्हणण्याआधीच सांगतो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं आणि ते जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. चिंकारे त्याबाहेरही राहतात, गायरानात, पडीक रानात, वनखात्याच्या तुकड्यांत. आपण ज्याला 'मोकळी जागा' म्हणून विकत घेतलं ते त्यांचं राहतं घर होतं.

लॅब्रॅडॉरबाबा
व्हिडिओतला कुत्रा माझा नाही, हे आधीच सांगतो. पण धाग्याचा सूर पटला नाही.

शहरात आम्ही कुत्रा घेऊन बागेत गेलो तर पाटी असते, 'पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही'. लिफ्टमध्ये शेजारी नाक मुरडतात. टेकडीवर नेला तर फिरायला येणारे ओरडतात. मग माणूस पै-पै साठवून पुण्याबाहेर दहा गुंठे घेतो, का? तर जनावराला एकदा तरी मोकळं पळता यावं म्हणून. तिथेही तुम्ही पट्टा घेऊन उभे!

आणि चिंकाऱ्यांना मारतं कोण? घरात चिकन-भात खाऊन सोफ्यावर झोपणारा लॅब्रॅडॉर की हायवेच्या ढाब्यांमागे फिरणाऱ्या भटक्या टोळ्या? शिवाय धनगरांची कुत्री आहेत. त्यांना पट्टा लावायला सांगून बघा. ते जमत नाही, म्हणून मग सुशिक्षित पेट-ओनरला धरायचं. सोपं गिऱ्हाईक.

सुपेकर
बाबा, धनगरांच्या कुत्र्याला मध्ये आणू नका. ते मेंढरांना सोडून लांब जात नाही. त्याचं काम लांडग्याला हाकलणं. हरणामागे पळत बसला तर मालक त्याला ठेवेल कशाला?

भटक्या टोळ्या म्हणता त्या कुठून आल्या हे आमच्याकडून ऐका. पुण्याचा माणूस प्लॉट घेतो, राखणीला एक पिल्लू आणतो आणि वॉचमनच्या हवाली करतो. शनिवार-रविवारी मुलं त्याचे लाड करतात, सोमवारी गाडी पुण्याला. वर्षभरात वॉचमन बदलतो. नवा म्हणतो, कुत्रं माझं नाही. मालकाचा पोरगा बारावीला गेला, येणं बंद. कुत्रं तिथंच. अशी चार प्लॉटांची चार कुत्री एकत्र आली की झाली टोळी. पोट भरायला कोंबडी, शेळीचं करडू, ससा, नाहीतर पाडस. गावातली बाया-माणसं संध्याकाळी त्या रस्त्यानं एकटी जात नाहीत आता.

लॅब्रॅडॉर सोफ्यावर झोपतो हे कबूल. पण तुमच्या गेटवरचा काळा कुठं झोपतो?

पशुवैद्य_पौडरोड
मादीच्या अंगावर जखम नव्हती म्हणून कुत्रा निर्दोष, हा तर्क वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे.

हरीणवर्गातली आणि चिंकाऱ्यासारखी कुरंगवर्गातली जनावरं थोड्या अंतरासाठी वाऱ्यासारखी पळतात, पण जिवाच्या आकांताने फार वेळ पळावं लागलं की शरीर कोलमडतं. अंगाचं तापमान चढतं, स्नायूंत आम्ल साठतं, स्नायूंचे तंतू तुटायला लागतात. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर जातात आणि हृदयाची लयही बिघडते. जनावर कधी जागीच पडतं, कधी काही तासांनी, तर कधी दोन-चार दिवसांनी. तोवर ते लांब कुठेतरी गेलेलं असतं, म्हणून पाठलागाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. जाळीत अडकलेल्या जनावराला चुकीच्या पद्धतीने पकडलं तरी हेच होतं. म्हणून असं जनावर दिसलं तर जवळ जाऊ नका, पाणी पाजू नका, गर्दी करू नका. कुत्री आत बांधा आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

मादी गाभण असेल किंवा पाडस लपवून आली असेल तर एका 'गमतीत' दोन जीव जातात. पाडस गवतात दडवून आई चरायला जाते, ही त्यांची रीतच आहे. ते पोरकं आहे समजून घरी उचलून आणणारेही मी पाहिलेत. कृपया आणू नका.

काथ्याकूट
वाचतोय. धाग्याची शंभरी होणार असं दिसतं. चहा टाकतो.

ताम्हिणीची
सगळेच हरणाची बाजू घेताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. आमचं घर मुळशीच्या पलीकडे आहे. आमची कुत्री गावठी, अंगणातच असते. एका पहाटे जांभळीखाली भेकर आलं, ही भुंकत गेली आणि दोन मिनिटांत किंकाळ्या. मांडी अशी फाटली होती की डॉक्टरांनी आधी विचारलं, रानडुक्कर होतं का? नर भेकराला वरच्या जबड्यात सुळे असतात हे मला त्या दिवशी कळलं. टाक्यांचा आणि औषधांचा खर्च आमचा, आणि ते भेकर आठवडाभर परत परत येत होतं.

मला त्याच्यावर सूड नको आहे. पण 'बिचारं हरीण' हे चित्र सगळीकडे लागू नाही. कॅनडातल्या क्रॅनब्रुक गावात पाडस जवळ असताना हरिणीने कुत्र्याला खुरांनी तुडवल्याचा व्हिडिओ जगभर फिरला होता. कोपऱ्यात सापडलं किंवा पिल्लू जवळ असलं की तेही उलटतं. कुत्र्यांच्या मालकांनीही हे लक्षात घ्यावं, स्वतःच्या कुत्र्यासाठी म्हणून.

माळावरचा
ताई, कुत्री आता बरी आहे ना? आणि तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! पट्टा कुत्र्यालाही वाचवतो.

ताम्हिणीची
बरी आहे, लंगडते थोडी. पण माझं अंगण हे माझं कंपाउंडच आहे हो. तिथेही पट्टा? तुमचा नियम माझ्या घटनेला लागूच होत नाही. एवढंच सांगायचं होतं.

पाषाणकर
मला या सगळ्यात ढोंग दिसतं. ९ डिसेंबर २०२० आठवा. कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा आला होता. त्याच्यामागे कोणता लॅब्रॅडॉर लागला होता? माणसं लागली होती, मोबाइल घेऊन. तो बिथरून धावत सुटला, पकडला आणि मेला. डॉक्टरांनी वर जे वर्णन केलंय तेच आपण दोन पायांवर करून दाखवलं. मग थोड्याच दिवसांत बावधनला दुसरा गवा दिसला, तेव्हा गर्दी आवरली आणि तो सुखरूप परत गेला. फरक जनावरात नव्हता, बघ्यांमध्ये होता.

माळावर बंगले बांधले, रात्रभर दिवे लावले, प्रत्येक दहा गुंठ्यांना जाळी मारली. ती मादी मेली कुठे? जाळीच्या कोपऱ्यात. जाळी नसती तर ती लॅब्रॅडॉरला हसत मागे टाकून गेली असती. पट्ट्यावर धागा काढणं सोपं आहे, स्वतःची जाळी काढणं अवघड.

लॅब्रॅडॉरबाबा
पाषाणकरांशी शंभर टक्के सहमत. आणि मूळ लेखकाला थेट प्रश्न: तुमच्या प्लॉटला जाळी आहे का?

माळावरचा
आहे. बांधकामाचं साहित्य चोरीला जायचं म्हणून घातली. तीन बाजूंची काढून तिथे निवडुंग आणि करवंद लावायची तयारी आहे, शेजारी तयार असतील तर. कारण माझी काढून पलीकडच्याची तशीच राहिली तर कोपरा कोपराच राहतो.

पण जाळीचा दोष दाखवून कुत्रा सुटत नाही. जाळी स्वतःहून कुणाच्या मागे धावत नाही.

काळाकोट
कायद्याचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. चिंकारा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आणि 'शिकार' म्हणजे केवळ बंदूक नव्हे. कलम २(१६) मधल्या व्याख्येत जनावराचा पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि त्याचा प्रयत्न करणंसुद्धा येतं. कुत्रा चुकून निसटला तर वेगळी गोष्ट. पण 'पकड, पकड' असं चिथावून व्हिडिओ काढला, तर पुरावा तुम्हीच तयार केलात आणि वर ग्रुपवर वाटलात. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे, कमाल सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार रुपये.

टाळ्या वाजवणाऱ्यांवर गुन्हा होत नाही. दुर्दैवाने.

लॅब्रॅडॉरबाबा
आता तुरुंगाची भीती घाला. एका कुत्र्याच्या धावण्याला वाघाच्या शिकारीच्या रांगेत बसवलंत. चिथावणं चूक, मान्य. पण यातून उद्या प्रत्येक शेजारी आपल्या नावडत्या कुत्र्याचा व्हिडिओ काढून वनखात्याकडे धावेल, हेही लिहून ठेवा.

गृहिणी_हडपसर
एक शंका. २०२५ च्या जुलैत कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात इतकी चितळं मेली. तो रोग कुत्र्यांमुळे हरणांना होतो का? आमच्या ग्रुपवर तसा मेसेज फिरतोय.

पशुवैद्य_पौडरोड
नाही ताई. तो लाळ्या खुरकूत. दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग आहे: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरणं. कुत्र्याला तो होत नाही. तो मेसेज पुढे पाठवू नका.

कुत्र्यांकडून माळावर जाणारी खरी दुखणी म्हणजे रेबीज आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग. डिस्टेंपर हरणांपेक्षा कोल्हा, खोकड आणि लांडग्यांना घातक. तेव्हा प्लॉटवरच्या कुत्र्यांना दोन्ही लसी टोचा. पुण्याच्या माळांवर लांडगा आणि कुत्र्याचा संकरही आढळलाय, म्हणजे कुत्री किती आत पोचलीत याचा अंदाज येईल.

मुक्या_जिवांसाठी
कुत्रा हाही मुका जीवच आहे, याचा इथे सगळ्यांना विसर पडलाय. उपाय कायद्यातच दिलाय: पकडा, नसबंदी करा, लस द्या आणि जागेवर सोडा. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात हेच सांगितलं, फक्त रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून. कुत्री हटवा म्हणणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा.

सुपेकर
वाचला. त्यात 'जागेवर सोडा' आहे. जागा म्हणजे कोणती? लक्ष्मी रोडवर उचललेलं लक्ष्मी रोडवर सोडलं तर ठीक. माळावर पाडसांच्या मधोमध उचललेलं पुन्हा तिथंच सोडायचं? नसबंदी झालेलं कुत्रं पिल्लं घालत नाही हो, पाडसं मात्र मारतंच. भूक कापून टाकत नाही ना डॉक्टर!

आणि मुके जीव म्हणता तर रविवारी गाडीच्या काचेतून बिस्किटं फेकून जाणाऱ्यांना सांगा. त्यांच्यामुळंच ती रस्त्याला धरून बसतात. पाळायचं असेल तर घरी न्या. दत्तक द्यायची असतील तर तीन पिल्लं आत्ता आहेत वॉचमनच्या खोलीमागं.

मुक्या_जिवांसाठी
पिल्लांचे फोटो पाठवा. जबाबदारीने सांगते, घरं शोधते. पण 'मारतंच' हे सरसकट विधान मान्य नाही. पोट भरलेलं कुत्रं शिकारीला जात नाही.

पशुवैद्य_पौडरोड
जातं. पाठलाग ही उपजत ओढ आहे, तिचा पोटाशी संबंध कमी. व्हिडिओतला लॅब्रॅडॉर उपाशी होता का?

माळावरचा
रविवारी प्लॉटधारकांची सभा आहे. विषय मांडतोय: पट्ट्याचा नियम, प्लॉटवरचा प्रत्येक कुत्रा कुणाच्या नावावर त्याची नोंदवही, आणि सगळ्या अनाथ कुत्र्यांच्या नसबंदी-लसीची वर्गणी. वॉचमन बदलला तरी वहीतलं नाव बदलणार नाही. बाबा, येताय का?

लॅब्रॅडॉरबाबा
येतो. वहीला पाठिंबा, वर्गणीही देईन. पट्ट्याच्या विरोधात मत देणार. त्याऐवजी सामायिक जागेतला अर्धा एकर बंदिस्त करा, कुत्री तिथे मोकळी सुटतील.

पाषाणकर
म्हणजे आणखी एक जाळी.

लॅब्रॅडॉरबाबा
मग भिंत बांधा! तुमचं समाधान नक्की कशाने होईल?

सुपेकर
सभेला गावातल्या माणसाला बोलावता का? आम्ही प्लॉटधारक नाही, पण कुत्री आमच्याच शेळ्यांवर येतात.

माळावरचा
अकरा वाजता या. खुर्ची ठेवतो.