प्लेटपासून लांब गेलं तरी विद्युत क्षेत्र कमी का होत नाही?

प्रश्न:
दोन चार्जमधलं अंतर दुप्पट झालं की त्यांच्यातलं बल पाव होतं, हा कूलोंबचा नियम. मग एक धन, एक ऋण चार्ज असलेल्या दोन समांतर प्लेटांमध्ये क्षेत्र (म्हणजे तिथे ठेवलेल्या एकक चार्जवरचं बल) सगळीकडे सारखं कसं? वहीत १० मिमी अंतरावर दोन प्लेटा काढल्या. एक ठिपका धन प्लेटपासून १ मिमीवर, दुसरा बरोबर मध्यावर, म्हणजे ५ मिमीवर. तरी बल तेवढंच? गाऊसच्या नियमाने (बंद पृष्ठभागातून जाणारं क्षेत्र आतल्या चार्जवरून काढायचं) सिद्ध करता येतं मला, पण पटत नाही.

उत्तर १:
धन प्लेट लांब गेली की ऋण प्लेट जवळ येते. इकडचं कमी झालेलं तिकडून भरून निघतं.

उत्तर २:
नाही, असं नाही. तसं असतं तर मध्यावर क्षेत्र सगळ्यात कमी भरलं असतं. खरी गोष्ट अशी की एकट्या प्लेटचं क्षेत्रसुद्धा अंतराने बदलत नाही, प्लेट पुरेशी मोठी असली की झालं.

वर्गात मी हे टॉर्चने समजावतो. तुझ्या ठिपक्यावरून प्लेटवर झोत टाक. १ मिमीवरून एक छोटं वर्तुळ उजळेल. २ मिमीवर सरक: वर्तुळाची त्रिज्या दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. आता त्यातला प्रत्येक चार्जचा कण पावपट जोराने ढकलतोय, पण कण चौपट झालेत! झोत तिरका धरलास तरी हाच हिशोब. समोरासमोरच्या तिरक्या झोतांचे आडवे जोर एकमेकांना खातात, उभा तेवढा उरतो.

दुसरी प्लेट आली की मधल्या जागेत दोघींचा जोर एकाच दिशेला, म्हणून दुप्पट. बाहेर विरुद्ध दिशांना, म्हणून शून्य. कडेला मात्र अर्धा झोत प्लेटबाहेर पडतो, म्हणूनच तिथे बलरेषा (क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा) बाहेर फुगतात.

प्रश्नकर्ता:
सर, टॉर्चवरून पटलं! मग प्लेटांना चार्ज देणारी बॅटरी सोडवून प्लेटा लांब ओढल्या तर?

उत्तर २:
छान विचारलंस. १२ व्होल्ट, २ मिमी धर: क्षेत्र मीटरला ६००० व्होल्ट. बॅटरी सोडवलीस की चार्ज अडकला, म्हणून ४ मिमीवरही क्षेत्र ६०००च, पण विभवांतर (प्लेटांमधल्या व्होल्टेजचा फरक) २४ व्होल्ट. बॅटरी जोडलेलीच असती तर विभवांतर १२वरच राहून क्षेत्र ३०००वर आलं असतं. सोडवलेल्या प्लेटांमध्ये ऊर्जाही दुप्पट होते. ती तुझ्या हाताने दिली, कारण प्लेटा एकमेकींना ओढत असताना तू त्यांना दूर नेलंस.