परमिट नसलेल्या मिस्त्रीला वायरिंगला हातच लावू द्यायचा नाही, असं कडक करावं का?

वसमतकर
आधी काय घडलं ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो. मागच्या मे महिन्यात बहिणीकडं भाचा कूलरमधी पाणी भरायला होता, आपला तोच लोखंडी कूलर, सगळ्यांच्या घरी असतो तो. एक हात पाईपला आन् दुसरा टेकला कूलरच्या पत्र्याला, चिटकला, ओरडता बी येईना. वाचला कशामुळं तर नेमकी त्याच टायमाला लाईट गेली. एरवी लाईट गेली की आपण शिव्या घालतो, त्या दिवशी बहीण देवाला हात जोडत बसली. नंतर कूलर उघडला तर पंपाची वायर तडकून पत्र्याला लागलेली आणि तीन पिनच्या टॉपमधली अर्थिंगची हिरवी वायर कापून वर टेप मारलेला. आठ दिवस आधी पंप बदललेल्या मिस्त्रीला विचारलं तर म्हणतो "बोर्डातच अर्थिंग नाही मग हिरवी जोडून काय करू". हा मिस्त्री म्हणजे मोबाईल रिपेअर करता करता वायरिंग करायला लागलेला पोरगा.

माझं म्हणणं सरळ आहे. रिक्षावाल्याला बॅज लागतो, मेडिकलवाल्याला सर्टिफिकेट भिंतीला लावावं लागतं, आणि २३० व्होल्टमधी हात घालणाऱ्याला कुणी विचारत नाही तू शिकलास कुठं. विनापरमिट सापडला की त्याला दंड, आणि त्याला बोलावणाऱ्या घरमालकाला पण दंड. मी गेल्या साली घर बांधलं तेव्हा लायसनवाल्या गुत्तेदाराकडूनच काम करून घेतलं, टेस्ट रिपोर्ट आहे, आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा खटका, बसवलेला आहे. पैसे जास्त गेले पण झोप लागते.

तीनफेज_मामा
दादा भाच्याचं ऐकून वाईट वाटलं, हिरवी वायर कापणाऱ्याच्या कानफडात मारायला पाहिजे. पण एका पोरट्यावरून सगळ्या मिस्त्र्याला एकाच दावणीला बांधू नका. मी २२ वर्षं झाली हेच करायलो, नववी नापास, चुलत्याच्या हाताखाली पाईपात वायर वढत वढत शिकलो, आज परभणीत माझ्या हातची घरं मोजायला बसलं तर दिवस जाईल. लाईटला दीडची वायर, प्लगला अडीचची, गिझर एसीला चारची हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आणि खरं सांगू का, बिघाड मिस्त्री कमी करतो मालक जास्त करतो. एमसीबी, म्हंजी लोड वाढला की पडणारा खटका, सारखा पडायला की म्हणतो मामा १६ चा काढा ३२ चा टाका. मी नाही म्हणलं की दुसऱ्याला बोलवून टाकून घेतो. मग वायर जळली की नाव कुणाचं? वायरिंग केलेल्याचं. आता त्या मालकाला तुम्ही दंड करणार असाल तर माझा पाठिंबा, पावती मी फाडतो.

आयटीआयवाले बी बघितलेत. दोन वर्ष करून आलेलं पोरगं माझ्याकडं आलं, त्याला स्टार्टर उघडून दिला तर रिले कोणता कॉन्टॅक्टर कोणता सांगता येईना.

गुत्तेदार_नांदेड
कायदा करा कायदा करा म्हणायलेत सगळे, कायदा आहेच की. वीज कायदा २००३ चा, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०१० ला आले, २०२३ ला नव्यानं आले, आणि त्याच्या आधी १९५६ च्या नियमात पण हेच होतं. काम लायसन असलेल्या गुत्तेदारानं घ्यायचं, देखरेखीला पर्यवेक्षक प्रमाणपत्रवाला माणूस, आणि प्रत्यक्ष हात लावणारा परमिटवाला तारतंत्री, म्हणजे वायरमन. सूट फक्त बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच असलं जसंच्या तसं बदलण्याला. एक प्लग पॉइंट वाढवला तरी तो नियमात येतो. म्हणजे मामा, तुमची २२ वर्षं कायद्यानं बघितली तर...

मी लायसनची फी भरतो, माणसं परमिटवाली ठेवतो, बिल फाडतो. माझा रेट मामापेक्षा जास्त असणारच. गिऱ्हाईक मात्र माझ्याकडून कोटेशन घेतं आणि काम मामाला देतं, आणि मीटरच्या टायमाला परत माझ्याकडं, "साहेब तेवढी टेस्ट रिपोर्टवर सही".

तीनफेज_मामा
आणि तुम्ही देता का नाही ते बी सांगा की.

गुत्तेदार_नांदेड
मी देत नाही. देणारे आहेत, नाकारत नाही.

तीनफेज_मामा
हां मंग. पाईप मी टाकला, वायर मी वढली, बोर्ड मी भरला, आन् घर बी न बघता सही करून पैसे घेतले लायसनवाल्यानं. त्या कागदावर लिहिलेलं असतं इन्सुलेशन रेझिस्टन्स इतकं, अर्थ रेझिस्टन्स इतकं. मोजलं कुणी? त्या घरात मीटर घेऊन माणूस गेला कधी? तवा दंड सहीवाल्यापासून सुरू करा.

वसमतकर
मामा सही विकणारा चोर आहे म्हणून बिनपरमिटचा साव होत नाही. लायसनवाल्यानं चूक केली तर निदान कागदावर नाव आहे, लायसन काढून घेता येतं. भाच्याच्या केसमधी आम्ही कुणाला धरणार होतो? पोरानं सिम बदललं आणि पुण्याला गेला.

निवृत्त_निदेशक
मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीला शिकवलं, आता निवृत्त आहे. मामांनी आयटीआयबद्दल लिहिलं ते झोंबलं, पण अर्धं खरं आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यात प्रात्यक्षिकाचे तास भरपूर, पण एका मोटारीभोवती वीस मुलं उभी राहिली की रिवाइंडिंग दोघं करतात आणि अठरा जर्नल उतरवतात. शिकाऊ उमेदवारी नीट मिळाली तर तो मुलगा घडतो, नाहीतर तुमच्यासारख्याकडे येऊन स्टार्टरकडे बघत बसतो.

आता मामा, तुम्हाला एक विचारतो, रागावू नका. जुन्या घरात अर्थिंग नसेल आणि गिऱ्हाईक फ्रीजला तीन पिन पाहिजेच म्हणत असेल तर तुम्ही काय करता?

तीनफेज_मामा
सर खरं सांगतो, न्यूट्रलमधून, म्हंजी करंट परत जायच्या वायरीतून, लूप मारून अर्थ पिनला देतो. सगळेच देतात. आजवर कंप्लेंट नाही.

निवृत्त_निदेशक
हेच अपेक्षित होतं. लूप मारल्यावर टेस्ट बल्ब झकास पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण खांबावरून येणारा न्यूट्रल सुटला, आणि आपल्याकडे वादळात तो सुटतोच, की घरात चालू असलेल्या कुठल्याही बल्बातून फेजचा करंट फिरून त्याच लूपवाटे फ्रीजच्या पत्र्यावर येतो. एका फ्रीजच्या नाही, लूप मारलेल्या प्रत्येक पिनच्या. त्या भाच्याच्या मिस्त्रीनं हिरवी वायर कापली ती चूकच, पण तुमच्या लूपला जोडली असती तर वाईट दिवशी पंपाची वायर न तडकताही कूलरच्या अंगात करंट आला असता. २२ वर्षांत कंप्लेंट नाही याचा अर्थ २२ वर्षं न्यूट्रल टिकला.

हात चांगला असणं आणि असं का करतो हे माहीत असणं यात फरक आहे, परीक्षा पाहिजे ती यासाठी. लेखी नको. तालुक्याला बोर्ड मांडा, इन्सुलेशन मोजायचा मेगर द्या, अर्थ टेस्टर द्या, दहा दोष लपवून ठेवा, शोधा म्हणा. नववी नापास की पास कुणी विचारू नये. कौशल्य विकासमध्ये आरपीएल म्हणून अनुभवावर सर्टिफिकेट देतात, पण ते म्हणजे परमिट नव्हे, आणि पोरांना वाटतं तेच परमिट.

तीनफेज_मामा
सर लूपचं एवढं डोक्यात नव्हतं. मान्य. पण मग अर्थिंग काढा म्हणलं की मालक म्हणतो खड्ड्याचे पैसे कशाला, आधी तर चालत होतं. आन् आपली काळी माती, पावसाळ्यात झकास, मे मधी भेगा पडून पाईपापासून सुटतीय. मी सगळ्यांना सांगतो उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, तवा पाहुण्याला हेच सांगितलं तर म्हणला मामा तुम्ही घरला जा.

कयाधूकाठची
तुमचं सगळं घरातलं चाललंय, जरा आखाड्यावर, शेतात या. आमच्याकडं लाईनमन एक आणि गावं सहा. डीपीवरची, म्हंजी गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, फ्यूज रात्री अकराला उडाली की तो काय येत नाही, मग झिरो वायरमनला फोन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झिरो वायरमन म्हंजी गावातलाच पोरगा, ना पगार ना विमा, हातमोजे सुद्धा नाहीत. लाईनमनचं काम हाच करतो आणि हजेरी त्याची लागते. फोनवर विचारतो बंद केलं का, तिकडून हो आलं की चढला. एबी स्विच, म्हंजी खांबावरची लाईन तोडायचा खटका, खालून वढला तरी एखादी पाती चिटकून राहतीय, अंधारात दिसत नाही. आमच्या दिराची दोन बोटं अशीच गेली. सगळ्यांनीच 'आमचा माणूस नाही' म्हणून हात वर केले.

वसमतकर भाऊ, याला बी दंड करणार का तुम्ही? केला तर रातच्या पाळीला गहू कोण भिजवणार ते बी सांगा. आणि मामा, तुम्ही म्हणता कागद कशाला, तर दिराच्या नावाचा एक कागद असता तर निदान दवाखान्याचं बिल तरी कुणाच्या अंगावर पडलं असतं. मला तुमच्या दोघांचं बी पटत नाही.

गुत्तेदार_नांदेड
ताई बरोबर. ग्रामविद्युत व्यवस्थापक म्हणून योजना आली होती ती याच्यासाठीच, ग्रामपंचायतीनं आयटीआय झालेला गावातला पोरगा घ्यायचा. पण झिरो वायरमन सगळ्यांनाच सोयीचा आहे. लाईनमनला, गावाला, वरच्यालाही.

वसमतकर
ताई, दंडाचं मी घरच्या वायरिंगपुरतं म्हणलो होतो, डीपीवर चढणाऱ्याचा विचार केला नव्हता हे कबूल. पण दर साली देशात दहा हजाराच्या वर माणसं करंट लागून मरतात, कुठून तरी सुरुवात करावी लागंल. निदान माझ्यासारखं ज्याला परवडतं त्यानं तरी लायसनवाला घ्यावा.

निवृत्त_निदेशक
वसमतकर, तुमच्या घरी आरसीसीबी आहे म्हणालात. त्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. हे इथल्या सगळ्यांसाठीच सांगतो. १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवायला आहे, माणूस वाचवायला नाही. माणसाला ३० मिलीअँपिअरवर पडणारा आरसीसीबी लागतो, म्हणजे ५०० पटींहून बारीक गळती ओळखणारा. अर्थिंग नसलं तरी तो पडतो, पण हात लागल्यावर. अर्थिंग असलं तर हात लागायच्या आधी पडतो. आणि टी दाबून फक्त तो खटका चालतो का एवढंच कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही.

वसमतकर
सर आत्ताच बोर्ड उघडून बघितला. टीचं बटण दिसंना. डाव्या अंगाला दोन खटक्याचा एक मोठा आहे, त्यावर ६३ ए लिहिलंय.

तीनफेज_मामा
दादा त्यावर ३० एमए नाहीतर ०.०३ ए असं बारीक अक्षरात कुठं हाय का बगा. चष्मा लावून.

वसमतकर
नाही. फक्त ६३ ए, २४० व्ही.

तीनफेज_मामा
तो आयसोलेटर हाय दादा. निस्तं बटण, चालू बंद करायचं. करंट लागला तर तो काय पडत नसतो.

गुत्तेदार_नांदेड
नाव टाकू नका कुणाचं इथं. पण बिल काढा, बिलात आरसीसीबी लिहिलाय का बघा.

वसमतकर
लिहिलाय. एक नग. टेस्ट रिपोर्ट पण त्याच्याच सहीचा आहे.

मामा बुधवारी वसमतला येणं होईल का.

गुत्तेदार_नांदेड
धागा कशावर होता आठवतंय का वसमतकर?

वसमतकर
आठवतंय. बायको बी तेच म्हणायली.

तीनफेज_मामा
बुधवारी येतो. आरसीसीबी आयएसआय मार्कचा तुम्हीच आणून ठेवा, मी आणला की परत म्हणाल कमिशन खाल्लं. अर्थिंग मोजायचं मशीन मात्र नाही माझ्याकडं, आजवर बल्बावरच बघत आलो.

निवृत्त_निदेशक
माझ्याकडे आहे. परभणीतच राहतो, जाताना घेऊन जा, कसं लावायचं ते दाखवतो. परत मात्र आणून द्या, मागचा एक विद्यार्थी घेऊन गेलाय तो अजून फोन उचलत नाही.